साडूबरोबर भागीदारीत रायफल?

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ प्लॅनोत राहतो. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. ऑफिसातल्या मित्रांबरोबर चार-पाचदा नेमबाजीच्या रेंजवर गेलो आणि गोडी लागली. आता स्वतःची पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल (चाप ओढला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप चढते) घ्यायची आहे. दुकानात एआर-१५ पसंत केली आहे: रायफल १,२४९ डॉलर, वरची दुर्बीण ३९९, हजार काडतुसं ५२०, बॅग आणि काडतुसं भरायची जादा मॅगझिनं ११०. दुकानाच्या कार्डावर बारा महिने बिनव्याजी मिळतंय. साडू निम्मे पैसे घालायला तयार आहे. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. माझा पगार वर्षाला १ लाख १० हजार, हातात महिन्याला ७,००० येतात, घरखर्च ६,२००. क्रेडिट कार्डावर ३,४०० थकलेत, व्याज २४ टक्के. बँकेत ५,००० आहेत. ४०१(के)मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, पगाराच्या ३ टक्के टाकतो. ६ टक्क्यांपर्यंत जे टाकू त्याच्या निम्मी भर कंपनी घालते. मुलगी सहा वर्षांची आहे. घेऊ का?

उत्तर: घ्या. पण ही नको, लगेच नको, आणि साडूबरोबर तर मुळीच नको.

साडूचं आधी, कारण तो पैशांचा प्रश्नच नाही. ग्रीन कार्डधारकाला केंद्रीय कायद्याने बंदूक घेता येते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला ती बाळगायला मनाई आहे, काडतूससुद्धा. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये. दुकानात तुम्हाला ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागेल. खरा घेणारा तुम्हीच ना, असं त्यात सरळ विचारलेलं असतं, आणि खोटं उत्तर हा गुन्हा आहे. निम्मे पैसे त्याचे, महिन्याआड एक शनिवार रायफल त्याच्याकडे, ही आपल्याकडची घरगुती व्यवस्था इथे त्याचा व्हिसा घालवू शकते. त्याचे पैसे घेतले असतील तर आजच परत करा.

आता दुकानाचा हिशेब. तुम्ही दिलेल्या आकड्यांची बेरीज २,२७८. त्यावर तुमच्याकडचा ८.२५ टक्के विक्रीकर धरला की २,४६६. बारा महिन्यांत फेडायचे तर महिन्याला २०५ डॉलर. ‘बिनव्याजी’ची अटही वाचून घ्या. दुकानाच्या कार्डांवर बहुधा व्याज माफ नसतं, लांबणीवर टाकलेलं असतं. शेवटच्या दिवशी पन्नास डॉलर जरी बाकी राहिले, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. ज्याच्या एका कार्डावर आधीच ३,४०० तुंबलेत त्याने हा खेळ खेळू नये, हे तुम्हालाही पटेल.

१,२४९ची रायफल वाईट नसेल, पण पहिल्या रायफलीला एवढे लागत नाहीत. कोल्टच्या मूळ रचनेवरचं पेटंट १९७७ साली संपलं. तेव्हापासून कोणीही एआर-१५ बनवू शकतो, आणि कितीतरी कंपन्या बनवतात. म्हणून नावाजलेल्या कंपनीची साधी रायफल ५०० ते ८०० डॉलरमध्ये मिळते. फक्त एक बघा: स्वस्त रायफल हातात घेऊन खांद्याला लावलीत की पुष्कळदा वर नेम धरायला काहीच नसतं, नुसती सपाट पट्टी. नेमाचं साधन वेगळं घ्यायचं असतं आणि ते किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. दीडशे डॉलरचा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन) सुरुवातीला पुरतो.

पण खरं सांगायचं तर रायफल हा या छंदातला स्वस्त भाग आहे. तुम्ही महिन्यातून एकदा रेंजवर जाणार, दीडशे गोळ्या झाडणार, असं धरू. एआरचं काडतूस पन्नास सेंटच्या आसपास पडतं, म्हणजे एका दुपारी ७५ डॉलर, वर रेंजची फी २०-२२. (२०२०-२१च्या टंचाईत हेच काडतूस डॉलरच्या पुढे गेलं होतं. त्या भीतीने लोक अजून पेट्या भरून ठेवतात. तुम्ही ठेवू नका.) शिवाय कुलपाचं कपाट, कानावरचे मफ, चष्मा, प्राथमिक वर्ग. हे सगळं धरून दुकानाने सुचवलेला बेत पहिल्या वर्षी साडेतीन हजारांवर जातो. ६५० डॉलरची साधी एआर घेतली तर अडीच हजार.

तिसरा रस्ता तुमच्या पत्रात नव्हता. पॉइंट टू-टू या छोट्या काडतुसाची रायफल, उदाहरणार्थ रुगर १०/२२. १९६४पासून बनते आहे, तीही सेमी-ऑटोमॅटिकच, साधारण ३०० डॉलरला मिळते, आणि साध्या मॉडेलवर नेम धरायची माशी बसवलेलीच असते. काडतूस सात-आठ सेंटचं. तीच दुपार, त्याच दीडशे गोळ्या, १२ डॉलर. कपाट, वर्ग, रेंज सगळं धरून पहिलं वर्ष साडेअकराशेत बसतं. झटका नसल्यासारखाच, त्यामुळे हात लवकर बसतो. मित्र हसतील. हसू द्या, त्यांच्यातल्या निम्म्यांकडे हीसुद्धा असेल. वर्षभराने एआर हवीशी वाटलीच तर ती काही कुठे पळून जात नाही, आणि टू-टू विकावीशी वाटणार नाही.

तुमची गोडी रेंजची आहे म्हणून हे सांगतोय. घराच्या रक्षणासाठी विचारलं असतंत तर उत्तर वेगळं झालं असतं. मी स्वतः बंदूक ठेवत नाही, पण कुणाच्या छंदाला नाक मुरडणं माझं काम नाही. गोल्फवर मी किती घालवले ते आमच्या हिला विचारा.

‘लगेच नको’ का, तर तुमच्या ४०१(के)मुळे. ३ टक्क्यांवर थांबल्यामुळे कंपनीचे वर्षाला १,६५० डॉलर तुम्ही सोडून देताय. पत्रात रायफलीच्या किमतीवर तीन ओळी आहेत आणि याच्यावर एकच. ३चे ६ टक्के केलेत की हातातला पगार महिन्याला साधारण २४० डॉलरने घटेल, कारण ही रक्कम आयकराआधी कापली जाते. उरले ५६०. ते सगळे कार्डावर टाका. सातव्या महिन्यात कार्ड कोरं होतं. अधूनमधून रेंजवर जायचंच असेल तर तिथलीच भाड्याने घ्या, आणि एकदा टू-टूसुद्धा मागून बघा. असं गेलं तर आठव्या-नवव्या महिन्यात रायफल, कपाट, मफ, वर्ग आणि पाचशे काडतुसं मिळून पावणेआठशे डॉलर रोख हातात असतील. बँकेतल्या पाच हजारांना हात लावायचा नाही. तो धड एका महिन्याचा खर्चही नाही. खरेदीनंतर ते ५६० तिकडे वळवायचे, निदान तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत.

कपाटावर मात्र काटकसर नको. मुलगी सहा वर्षांची आहे आणि टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणे लागू देणं हा गुन्हा आहे. दोनशे डॉलरचं पोलादी कपाट भिंतीच्या लाकडी खांबाला बोल्टने आवळा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. केबलचं कुलूप बऱ्याच पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं, तेही आणा, पण कपाटाऐवजी नव्हे. घराच्या विम्याची पॉलिसीही एकदा उघडा. चोरीला गेलेल्या बंदुकांसाठी तिच्यात बहुतेक वेगळी मर्यादा असते, पुष्कळदा २,५०० डॉलर.

दुकानदाराने शनिवारपर्यंत भाव धरून ठेवतो म्हटलं असेल, तर त्याला फोन करून नाही म्हणा. आणि पुढच्या पगाराआधी ४०१(के)च्या पोर्टलवर ते ३चे ६ टक्के करून टाका, झालं की कळवा.