आधी चूक घडवून दाखव

अगं,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. मेडिकल दुकानाच्या बिलिंगमध्ये १ एप्रिलची काही बिलं ३१ मार्चच्या तारखेने पडली, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात गेली. तुझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर. वर मॅनेजर तासातासाला विचारतोय, कधी होणार? म्हणून तू वेळेत साडेपाच तास मिळवून मोकळी होणार आहेस. थांब. ही चूक तुझ्यासमोर एकदाही घडलेली नाही. आधी ती घडवून दाखव, मग कोडला हात लाव.

चुकलेल्या बिलांच्या वेळा लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये बघ. सगळी रात्री १२ ते पहाटे ५:३० मधली निघाली, तर दिशा मिळाली. आपल्याकडे १ एप्रिलचे पहाटेचे २ वाजतात, तेव्हा यूटीसीवरच्या (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) सर्व्हरला ३१ मार्चचे रात्रीचे ८:३० दिसतात. जावातलं आजची तारीख देणारं लोकलडेट-नाऊ टाइमझोन न देता वापरलं, की ज्या मशीनवर चालतं तिथलाच झोन धरतं. तुझा लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हरवर प्रोग्राम ज्यात चालतो तो कंटेनर बहुधा यूटीसीवर, आणि टेस्टिंग दिवसा. दिसणार कशी? गिट लॉगही, म्हणजे कोडमधल्या बदलांची यादीही, चाळत बसू नकोस. सर्व्हर हलवला असेल तर कोडची एक ओळ न बदलताही हे होतं.

आता घडव. जेव्हीएमचा, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचा, टाइमझोन यूटीसी कर. तारीख काढणाऱ्या फंक्शनला घड्याळ बाहेरून दे, म्हणजे टेस्टमध्ये क्लॉक-फिक्स्डने वेळ गोठवता येईल. भारतीय वेळेने चार क्षण तपास: रात्री ११:५९, १२:००, पहाटे ५:२९, ५:३०. मधले दोन पडले, म्हणजे टेस्टमध्ये नापास झाले पाहिजेत. पडले नाहीत, तर तुझा अंदाजच चुकलाय आणि तुझी दुरुस्ती भलत्याच जागी जाणार होती.

ते साडेपाच तास मिळवणं यूटीसीवर पास होईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच ते घातक आहे. उद्या कुणी सर्व्हरचा झोन भारतीय केला, की संध्याकाळी साडेसहानंतरचं प्रत्येक बिल दुसऱ्या दिवसाचं होईल. क्षण यूटीसीतच साठव. बिलाची तारीख काढताना मात्र ‘एशिया/कोलकाता’ झोन कोडमध्ये स्पष्ट लिही. आणि जुनी चुकलेली बिलं परस्पर डेटाबेसमध्ये बदलू नकोस, जीएसटीचा प्रश्न आहे, दुकानाच्या अकाउंटंटला यादी दे.

वेळ नाही, असं तू म्हणशील. अंदाजाने दुरुस्त्या करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बंद केलेलं तिकीट, म्हणजे चुकीच्या तक्रारीची नोंद, पुन्हा उघडतं, तेव्हा दुप्पट वेळ जातो. रिव्ह्यूमध्ये मी ‘आधी पडणारी टेस्ट दाखव’ म्हणून अडून बसतो, त्याला टीममध्ये आडमुठेपणा म्हणतात. म्हणू देत. चूक घडवता आली नाही, तर ती गेली हे तरी कशावरून सांगणार?

मॅनेजरला आत्ता एवढंच कळव: चूक कधी होते ते सापडलं, दुपारपर्यंत घडवून दाखवते. मला पाठवशील तेव्हा पहिला कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) फक्त टेस्टचा ठेव, दुरुस्ती दुसऱ्यात. पहिल्यावर ते दोन पडलेले क्षण लाल झालेले मला दिसले पाहिजेत.