तुटलेल्या चिमट्याचा तुकडा

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या नातीचे टॉन्सिलचे ऑपरेशन गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या एका खासगी रुग्णालयात झाले. पाऊण तास लागेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात दीड तास गेला. नंतर डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितले की, टॉन्सिल धरण्याच्या चिमट्याचे टोक तुटून घशात पडले होते, ते काढले आणि एक्स-रे घेऊन खात्रीही केली. तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा त्यांनी बाटलीत घालून दाखवला. मुलगी आता शाळेत जाते, पण माझा मुलगा तक्रार करायची म्हणतो. ही हयगय आहे का? दिवाळीनंतर धाकट्या नातवाचेही हेच ऑपरेशन करायचे आहे. त्या वेळी एकदाच वापरून टाकून द्यायची हत्यारे मागावीत का?
– एक आजी, देवगड तालुका

उत्तर : आजी, तुकडा तुटणे आणि तुकडा हरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या मुलाचा राग समजत असूनही हा फरक मी आधी सांगतो. अन्नाची आणि श्वासाची वाट घशात एकच असते. भूल दिलेले मूल खोकू शकत नाही. सुटा पडलेला तुकडा टाळूच्या मागे नाकाच्या बाजूला लपू शकतो, अन्ननलिकेत उतरू शकतो किंवा भुलीसाठी घातलेली श्वासाची नळी काढताना खाली घसरून फुप्फुसात जाऊ शकतो. बहुधा तो उजव्या बाजूला जातो, कारण उजवी श्वासनलिका अधिक सरळ आणि रुंद असते. म्हणूनच तुकडा सापडेपर्यंत श्वासाची नळी काढायची नसते, आणि तो दिसत नसेल तर मानेपासून पोटापर्यंत एक्स-रे घ्यावा लागतो. तुमच्या नातीचा वाढलेला वेळ या शोधात गेला असणार, आणि तो जायलाच हवा होता.

माझ्याही हातात असाच चिमटा एकदा मोडला आहे. तुकडा लगेच मिळाला, म्हणून मी पुढे सरकणार होतो, पण सिस्टरांनी तो हिरव्या कपड्यावर ठेवून चिमट्याच्या टोकाशी जुळवून पाहिला आणि म्हणाल्या, “सर, अजून एक कपची कमी आहे.” आम्ही सक्शनच्या, म्हणजे घशातले रक्त ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, बाटलीतले रक्त गॉजमधून गाळले, तेव्हा नखाच्या कडेएवढी ती कपची सापडली. त्या दिवसापासून तुकडा हत्याराशी जुळवल्याशिवाय मी शोध संपला असे मानत नाही. तुमच्या डॉक्टरांनाही हे विचारा : तुकडा जुळवून पाहिला होता का?

स्टेनलेस स्टील गंजत नाही हा समज आपल्या किनाऱ्यावर तरी कोणी बाळगू नये. क्षाराने त्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि तिथूनच तडा जातो. रक्त वाळेपर्यंत हत्यार तसेच राहिले, सलाइनमध्ये भिजत पडले किंवा उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीच्या पाण्याने शेवटचे धुतले गेले, तर हे घडते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ किंवा १३४ अंशांवर जंतू मरतात, पण तडा भरून निघत नाही. त्यामुळे शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याने करून, हत्यार पूर्ण कोरडे करून, सांधा आणि दात भिंगाखाली पाहणे हे किनाऱ्यावरील प्रत्येक ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) रोजचे काम असले पाहिजे. ते होत नसेल, तर दोष तिथे आहे.

चिमटा मोडला एवढ्यावरून हयगय ठरत नाही. तडा दिसत असूनही तो वापरला, तुकडा शोधला नाही किंवा घडलेले लपवले, तर मात्र ती हयगयच आहे. तुमच्या डॉक्टरांनी तर तुकडा स्वतः तुम्हाला दाखवला. आता ही घटना ऑपरेशनच्या नोंदीत आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिली आहे का, ते पाहा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. नातीला आता कसलाही त्रास नसेल तर काळजी नको, पण न थांबणारा खोकला, श्वासाला घरघर किंवा वरचेवर ताप दिसला, तर हा कागद घेऊन लगेच छातीचा एक्स-रे काढून घ्या. पुढे कधी एमआरआय (मोठ्या चुंबकाने होणारी तपासणी) करावा लागला तरीही ही घटना आधी सांगा.

मुलाला तक्रार करायचीच असेल, तर ती आधी चिमट्याची करावी. वैद्यकीय उपकरणांतील बिघाडांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग तो चालवतो, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नातेवाइकांनाही कळवता येते. अशा नोंदी फार कमी होतात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच खेपेतला दुसरा चिमटा आणखी कोणाच्या तरी घशात मोडू शकतो.

एकदाच वापरायच्या हत्यारांचा मात्र आग्रह धरू नका. इंग्लंडमध्ये संसर्गाच्या भीतीने २००१ च्या सुरुवातीला टॉन्सिलसाठी ती सक्तीची केली होती, पण रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जुनी हत्यारे परत आणावी लागली. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची १९ मुद्द्यांची यादी ओटीत वाचली जाते का, एवढे विचारा. रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी हत्यारे, गॉज आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचे आणि एखादे उपकरण बिघडले असल्यास तेही त्यात सिस्टरांनी मोठ्याने सांगायचे असते.

माझे मत विचाराल, तर नातवालाही त्याच डॉक्टरांकडे न्या. जाताना नातीचे कार्ड बरोबर घ्या आणि हत्यारांच्या त्या पेटीतले बाकीचे चिमटे तपासले का, ते भूल देण्याच्या आदल्या दिवशीच विचारून घ्या.