रिलीज न वापरता बोटांनी मारायला कोणतं कंपाऊंड धनुष्य घ्यावं?

तुम्ही विचारलंय की 31 इंची कंपाऊंड धनुष्य (टोकांना कॅम, म्हणजे चाकं असलेलं) स्वस्तात मिळतंय, लेट-ऑफ (पूर्ण ताणल्यावर जेवढा भार कमी होतो तो) 85 टक्के आहे, मारायचं बोटांनी, तर घेऊ का? नका घेऊ. फुकट दिलं तरी नको. याच 31 इंचावरून आमच्या परभणीच्या सरांचं आणि माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

मी बांबूच्या धनुष्यावर शिकलेला माणूस. इंडियन राउंड, 30 आणि 50 मीटर, हातात टॅब (बोटं वाचवणारी पट्टी). कंपाऊंडकडं वळलो तसा सरांनी हातावर रिलीज ठेवला, म्हणजे दोरी धरून सोडायचा खटका. मी म्हटलं, बोटांनीच मारतो. तर सगळ्या लेकरांसमोर म्हणाले, "मग गोफण घे अन् ज्वारीतली पाखरं हाकल." वर मला धडा शिकवायला म्हणून मुद्दाम सगळ्यांत आखूड धनुष्य काढलं. शिकारीच्या धाटणीचं, ॲक्सल ते ॲक्सल, म्हणजे वरच्या चाकाच्या आसापासून खालच्या चाकाच्या आसापर्यंत, 31 इंच.

एवढ्या आखूड धनुष्याची दोरी पूर्ण ताणली की मागं टोकदार कोन होतो आणि तिन्ही बोटं त्यात चेंगरतात. तर्जनी आणि मधलं बोट नॉकला (बाणाच्या मागच्या खाचेला) दोन्हीकडून चिमटतात, बाण रेस्टवरून (टेकवायच्या आधारावरून) उचलला जातो. हात अँकरला, म्हणजे चेहऱ्यावर टेकवायच्या जागेला, येईपर्यंत माझा बाण दोनदा खाली पडला. त्यात लेट-ऑफ जास्त. धनुष्य 50 पाउंडाचं असेल तर 85 टक्के वजा जाऊन बोटांवर उरतात साडेसात पाउंड. इतकी सैल दोरी बोटांतून नीट सुटतच नाही, सुटता सुटता बाजूला ओढली जाते. शेवटी मी न मारताच दोरी परत सोडत आणायला लागलो, तर ती बोटांत पिळली गेली आणि कॅमच्या खाचेतून फाटकन बाहेर. सर म्हणाले, "बघा रे, बोटांनी मारलं की असं होतं." इथं बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी बसवायचं यंत्र) कुणाकडं नव्हतं, धनुष्य पुण्याला पाठवावं लागलं, आणि मैदानावर माझं नाव पडलं गोफण.

आता मला सांगा, यात बोटांचा काय दोष? पुढं मी एक जुनं, चाळीस इंचाच्या वरचं, मऊ कॅमचं धनुष्य मिळवलं आणि त्याच मैदानावर, त्याच बोटांनी टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बाण लावले. सर बघत उभे होते. म्हणाले, "आज वारा नाही." बरं!

आणि ज्या ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाला 1969 साली कंपाऊंडचं पेटंट मिळालं, त्याच्या काळात ही धनुष्यं लांबलचक असायची आणि लोक सर्रास बोटांनी मारायचे. बोटं नंतर आली नाहीत सर, धनुष्यं नंतर आखूड झाली.

तर तुमचं. लांबी 40 इंच किंवा जास्त, 38 च्या खालचं बघूच नका. ब्रेस हाइट (न ताणलेल्या दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर) 7 इंचांच्या वर असू द्या, दोरी सोडताना झालेली चूक जरा पोटात घालते. लेट-ऑफ 65 टक्क्यांच्या आसपास. त्याच 50 पाउंडात साडेसतरा पाउंड बोटांवर राहतात आणि दोरी स्वतःहून निघून जाते. असं नवीन मिळणं अवघड, जुनंच शोधा. ड्रॉप-अवे रेस्ट (बाण सुटताना खाली पडणारा) लावू नका. बोटांनी सोडलेली दोरी आडवी हलते, बाणही आडवा वाकतो, त्याला रिकर्व्हसारखा (बिनचाकाच्या धनुष्यासारखा) बाजूचा आधार लागतो, म्हणजे प्लंजर (बाजूचं स्प्रिंगचं बटण) आणि साधा फ्लिपर रेस्ट (लवचिक दांडीचा). ड्रॉ लेंथ (दोरी किती मागं ओढता ते माप) बोटांनी ओढूनच मोजा, रिलीजवर काढलेलं माप इथं चालत नाही. स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, त्यानंतर ठरवा.

हे सगळं हौसेसाठी, बरं का. स्पर्धा खेळायची असेल तर गपगुमान रिलीज घ्या. 50 मीटरवर 80 सेंटिमीटरचं टार्गेट, बोटवाल्यांना वेगळा गट नाही, आणि शेजारी उभे असणारे रिलीजवाले. नागपूरच्या ओजस देवतळेनं 2023 ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत फायनलला 150 पैकी 150 मारले, साताऱ्याच्या अदिती स्वामीनं तिथंच महिलांचं सोनं घेतलं. 2028 पासून कंपाऊंडची मिश्र जोडी ऑलिंपिकमध्येही आहे. तिथं बोटांचा हट्ट चालायचा नाही. एवढ्यापुरतं सरांचं बरोबर, पण हे त्यांना सांगू नका.

जुनं धनुष्य घेताना ते रिकामं ओढून सोडू नका, विकणाऱ्यालाही सोडू देऊ नका. लिम्बवरून (वाकणाऱ्या पात्यांवरून) आणि कॅमच्या काठावरून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा, आपल्याकडं कापसाला काय तोटा! बारीक चीर असली की तंतू तिथं अडकतो. अडकला तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या.