वाचक विचारतात : सायकलने ऑफिसला जायचंय, काय काय घ्यावं?

प्रश्न : पुढच्या महिन्यापासून सायकलने ऑफिसला जाणार आहे. एका बाजूचं अंतर आठ किलोमीटर. सायकल घेऊन झाली, पण बाकीच्या सामानाची यादी संपतच नाही. आधी काय घेऊ आणि कशासाठी थांबलं तर चालेल?

उत्तर : पहिल्या दिवसाआधी पाचच गोष्टी घ्या : हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, लॉक, पंक्चरचं सामान आणि घंटी. बाकीची खरेदी दोन-तीन आठवडे सायकल चालवल्यावर करा. पाठीवरच्या सॅकने घाम येतो की नाही, परतताना अंधार होतो की नाही, हे तोवर कळलेलं असतं.

हेल्मेट डोक्यावर घालूनच घ्या. पुढची कड भोवयांच्या वर दोन बोटं हवी. मागची चकती फिरवून घट्ट करा, पट्टा मोकळा ठेवून मान खाली घाला आणि डोकं हलवा. हेल्मेट सरकलं तर माप चुकलं. बाजूचे पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली बोट-दोन बोटं जागा राहावी. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा प्रमाणाचा शिक्का बघा. जुनं हेल्मेट कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आतला फोम एका जोराच्या आघातात दबतो, पुन्हा तितकं संरक्षण देत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही.

दिव्यांचा झगझगाट महत्त्वाचा नाही. रस्त्यावर उजेड असेल तर समोरच्याला तुम्ही दिसावं एवढंच काम असतं, त्याला १०० ते २०० ल्यूमेन (उजेडाचं माप) पुरतात. अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा दिसायला हवा असेल तर ४०० च्या पुढे जा, पण झोत खाली रस्त्यावर ठेवा. मागचा लाल दिवा सॅकने किंवा रेनकोटच्या काठाने झाकला जात नाही ना, हे दुसऱ्या कोणाला तरी मागून बघायला सांगा. घोट्याला चमकणारा पट्टा बांधाच. पाय सतत वरखाली होतो, त्यामुळे सायकलवाला चालला आहे हे गाडीवाल्याला लांबूनच समजतं. शिवाय पँट चेनमध्ये जात नाही.

लॉक यू आकाराचं घ्या. पातळ केबल हाताच्या कटरने तुटते. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही खांबाला धरतील असं लॉक लावा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर ते जागेवर राहतं आणि बाकीची सायकल जाते.

पंक्चरसाठी एक नवी ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), पॅच आणि छोटा पंप हवा. ट्यूबचं माप टायरच्या बाजूला छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२-६२२. व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा आहे की जाड श्रेडर, हेही बघून घ्या. ट्यूब बदलली आणि थोड्या वेळात परत हवा गेली, तर बहुतेक वेळा काटा किंवा काच टायरमध्येच राहिलेली असते. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसून घ्या. फडकं जिथे अडकेल तिथे काटा.

प्रश्न : धावायचे शूज आहेत. तेच चालतील, की क्लीटवाले, म्हणजे तळाला पॅडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले, सायकलचे शूज घ्यायला हवेत?

उत्तर : सुरुवात त्याच शूजनी करा. त्यांची अडचण एवढीच, की सोल मऊ असतो. पॅडल चवड्याखाली सोलमध्ये रुततं, दाब एकाच ठिकाणी येतो आणि तळवा दुखतो किंवा बोटं बधिर होतात. पॅडल लहान असेल तर हे लवकर जाणवतं. तसं झालं तर आधी रुंद, वर बारीक पिना असलेलं सपाट पॅडल लावून बघा. पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटतो. पॅडल बदलताना लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. उलट्या बाजूला जोर केला तर ते आणखी आवळतं.

तरीही नवे शूज घ्यायचे असतील, तर हातात घेऊन टाच आणि टोक धरून वाकवा. मधोमध दुमडणारा शू सायकलला नको. चवड्यापाशी थोडा वाकणारा चालेल, कारण ऑफिसच्या जिन्यावरही तेच घालायचे आहेत. तळ सपाट रबराचा हवा, खोल नक्षी पिनांवर नीट बसत नाही. मापायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. रोजचे मोजे घाला. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवा आणि करंगळीकडे दाब येत असेल तर तो जोड दुकानातच सोडा. “वापरून सैल होईल” यावर विसंबू नका, कडक सोलचा शू रुंदीला फारसा सुटत नाही. लेसची टोकं आत खोचायची सवय लावा, उजवीकडची तर नक्कीच. चेन तिथेच असते.

क्लीटचं म्हणाल तर आठ किलोमीटरला त्याची गरज नाही, आवड असेल तर घ्या. मात्र दोन बोल्टचीच पद्धत निवडा, शिमानो कंपनीची एसपीडी त्यातलीच. तिची क्लीट सोलच्या खोबणीत बसते, त्यामुळे चालता येतं. शर्यतीच्या शूजची तीन बोल्टची क्लीट बाहेर आलेली असते. ती फरशीवर घसरते आणि चालून झिजते. एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने क्लीटचं असं पॅडलही मिळतं. ट्रॅफिकमध्ये ते फार सोयीचं.

प्रश्न : एसपीडी शूज घेतल्यापासून उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो. शिवाय सिग्नलला पाय पटकन सुटत नाही.

उत्तर : आधी क्लीटचे बोल्ट तपासा. ते ढिले असतील तर टाच वळवल्यावर शू वळतो, पण क्लीट पॅडलमध्येच राहते. पाय अडकण्याचं हे सर्वांत धोक्याचं कारण. आट्यांना थोडं ग्रीस लावून ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन मीटर आवळा आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा बघा. मग पॅडलवरचा ताणाचा स्क्रू सर्वांत सैल ठेवा. पाय थांबल्यावर नाही, थांबायच्या आधी वेग कमी होताना काढायचा.

गुडघ्यासाठी क्लीटची दिशा बघा. उंच टेबलावर बसून पाय लोंबते सोडा. पंजा आपोआप जिकडे वळतो, साधारण तीच दिशा क्लीटला द्या. पुढे-मागे बसवताना अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी असलेली हाडं शूवरून चाचपून टेपने खुणा करा. पॅडलचा आस त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. एका वेळी दोन मिलिमीटरच सरकवा आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. एकाच दिवशी दिशाही बदलली आणि सीटही हलवली, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सायकल बंद ठेवूनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कॅरिअरला पॅनिअर (बाजूला लटकणारी पिशवी) लावली. दर फेऱ्याला टाच तिला लागते.

उत्तर : पिशवीचे हुक सरकवून ती जमेल तितकी मागे घ्या. बहुतेक पिशव्यांचे हुक पट्टीवर सरकतात. तेवढ्याने भागलं नाही, तर खालचा कोपरा तिरका कापलेली पिशवी किंवा लांब कॅरिअर लागेल. कॅरिअरचे बोल्ट महिन्यातून एकदा आवळा, खडबडीत रस्त्यावर ते सुटत जातात.

प्रश्न : पॅडवाली शॉर्ट लागेल का?

उत्तर : अर्ध्या तासाच्या प्रवासाला नाही. दुखत असेल तर आधी सीटची रुंदी आणि उंची तपासा. घेतलीच तर आत अंतर्वस्त्र घालू नका, शिवणीनेच कातडी घासते.

प्रश्न : पावसात भिजलेले शूज सकाळपर्यंत वाळत नाहीत.

उत्तर : आतली गादी काढून वेगळी वाळवा, शूमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने ते बदला. पहिल्या बोळ्यांत सर्वांत जास्त पाणी उतरतं. हीटरजवळ ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. पंख्याखाली आडवे ठेवा. पुढच्या मडगार्डला खाली रबराची झडप लावली तर शूज पुष्कळ कमी भिजतील, कारण पायावर येणारं बरंच पाणी पुढच्या चाकाने उडवलेलं असतं.