वाचकांचे प्रश्न : चीडच्या रोपाचे सोटमूळ कापावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पाइनच्या, त्यातही चीड या हिमालयातील पाइनच्या, बोन्सायविषयी आहेत. थंडीच्या दिवसांत मराठवाड्यातील हौशी मंडळींचे हात मातीत जाऊ लागतात, त्यामुळे त्यात नवल नाही. लातूरच्या वाचकांचा प्रश्न सर्वांत मूलभूत असल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. उरलेली उत्तरे त्याच्या आधाराने वाचावीत.

प्रश्न : ऑक्टोबरच्या शेवटी उत्तराखंडातून मागवलेले चीडचे ४० बी पेरले, त्यांपैकी २९ उगवले. रोपे आता बोटभर उंच आहेत. बोन्साय करणारे एक स्नेही म्हणतात की, रोप उपटून त्याचे सोटमूळ पूर्णपणे कापावे आणि उरलेला शेंडा पुन्हा वाळूत खोचावा. इतक्या कष्टाने आलेले रोप असे कापायला मन धजत नाही. हे खरोखर आवश्यक आहे काय? असल्यास केव्हा आणि कसे करावे? (वाचक, लातूर)

उत्तर : आपले स्नेही सांगतात ती पद्धत खरी आहे. मात्र ती कशासाठी आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. गुलाबाचे किंवा जास्वंदीचे छाटकलम आपण एका झाडाची दहा झाडे व्हावीत म्हणून करतो. येथे तसे काही होत नाही. २९ रोपांची २९च राहतील, आणि बहुधा त्यांतही काही दगावतील. हा खटाटोप केवळ मुळांच्या मांडणीसाठी आहे. बियांपासून आलेले चीडचे रोप आपली सारी शक्ती एका खोल जाणाऱ्या सोटमुळात घालते. डोंगरउतारावर तग धरण्यासाठी ते योग्यच आहे, पण उथळ तबकात त्या एकट्या मुळाचा उपयोग नसतो आणि बाजूची मुळे एकीकडे तीन, दुसरीकडे एकही नाही, अशी वेडीवाकडी फुटतात. बोन्सायमध्ये खोडाच्या बुंध्याशी मुळे चारही दिशांना पसरलेली दिसावी लागतात. जपानी लोक या पसाऱ्याला नेबारी म्हणतात. हा पसारा दहाव्या वर्षी बनवता येत नाही, त्याची सुरुवात पहिल्या दोन महिन्यांतच करावी लागते.

कोवळे खोड आडवे, सरळ कापले की शेंड्याकडून खाली वाहत येणारे ऑक्झिन हे संजीवक त्या कापाशी साचते आणि कापाच्या कडेने मुळे फुटू लागतात. काप तिरका असेल, तर मुळे खालच्या टोकाकडे अधिक आणि वरच्या बाजूला कमी येतात. म्हणून गुलाबाच्या काडीला आपण देतो तसा तिरका काप येथे देऊ नये. मोठ्या झाडाच्या फांदीला अशी मुळे फुटत नाहीत का, असा प्रश्न पुढे येईलच. पाइनच्या बाबतीत मुळे फुटण्याची ही क्षमता वयाबरोबर झपाट्याने घटते, त्यामुळे जाणत्या झाडाची फांदी वाळूत खोचून वाट पाहणे बहुतेक वेळा व्यर्थ ठरते. काही आठवड्यांच्या रोपात मात्र ती क्षमता भरपूर असते.

वेळ ओळखण्यासाठी दिनदर्शिकेपेक्षा रोपाकडे पाहावे. उगवल्यावर प्रथम छत्रीच्या काड्यांसारखी दहा-बारा बीजपत्रे पसरतात. त्यांच्या मधोमध निळसर हिरव्या सुयांचा बारीक झुपका डोकावू लागला आणि बीजपत्रांखालचा देठ आगपेटीच्या काडीइतका ताठ झाला, पण अजून नखाने सहज कापता येईल इतका कोवळा असला, की वेळ आली असे समजावे. उगवणीनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत ही अवस्था येते. आपल्या वर्णनावरून आपली रोपे त्याच उंबरठ्यावर आहेत. यापूर्वी कापले तर रोप सडते, आणि फार उशीर केला तर देठ काष्ठमय होऊन मुळे फुटण्यास महिने लागतात.

कापण्याच्या आदल्या दिवशी रोपांना पोटभर पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, एका वेळी पाच-सहा रोपेच काढावीत, कारण उघड्या हवेत ती दहा मिनिटांतही माना टाकतात. नवे ब्लेड स्पिरिटने पुसून घ्यावे. रोप काचेच्या तुकड्यावर आडवे ठेवून बीजपत्रांपासून सुमारे २ ते अडीच सेंटिमीटर खाली एका दमात काटकोनात कापावे. ब्लेड करवतीसारखे मागेपुढे फिरवले तर देठ चिरडतो. आयबीए हे मुळे फुटण्याचे संजीवक भुकटीच्या रूपात कृषी सेवा केंद्रात मिळते. कोवळ्या काडीसाठी असते ते सौम्य प्रमाणाचे घ्यावे. कापलेले टोक त्यात टेकवून बोटाने हलकेच टिचकी मारावी, म्हणजे जादा भुकटी झडून जाते. जाड थर लागला तर मुळे येण्याऐवजी टोक काळे पडते. मग ओल्या वाळूत उदबत्तीच्या काडीने सेंटिमीटरभर खोल छिद्र पाडून त्यात रोप ठेवावे आणि बाजूने वाळू दाबावी. रोप थेट वाळूत खुपसल्यास संजीवक वरच पुसले जाते.

यानंतरचे पाच-सहा आठवडे खरी परीक्षा पाहतात. कुंडीवर पारदर्शक डबा उपडा घालावा आणि दिवसातून एकदा काही मिनिटे काढून हवा खेळू द्यावी. उत्तरेकडची खिडकी किंवा सावलीतला व्हरांडा ही उत्तम जागा होय. डब्यासकट कुंडी उन्हात ठेवली तर आत वाफ कोंडून रोपे दुपारभरात शिजतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री कुंडी घरात घ्यावी, कारण माती फार गार झाली की मुळे फुटण्याचे काम थांबते. या काळात सर्वाधिक नुकसान करतो तो मर रोग. रोप जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवे पडते. तसे पडलेले रोप लगेच काढून टाकावे आणि उरलेल्यांना एक लिटर पाण्यात २ ग्रॅम कॅप्टन हे बुरशीनाशक मिसळून द्यावे. मुळे आली की नाही हे पाहण्यासाठी रोप ओढून पाहण्याचा मोह अनावर होतो. मी स्वतः पहिल्या वर्षी दर रविवारी एक रोप उपसून पाहत असे, आणि फेब्रुवारीअखेर पाहण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. मधला झुपका लांबू लागला, नव्या सुया दिसू लागल्या, की खाली मुळे आली असे निःशंक समजावे.

सर्वच २९ रोपे कापू नयेत, असा माझा आग्रह आहे. वीस कापावीत आणि नऊ तशीच वाढू द्यावीत. तीन वर्षांनी दोन्ही प्रकारची रोपे कुंडीतून काढून शेजारी शेजारी ठेवलीत, तर मी वर लिहिले आहे त्याहून अधिक आपल्याला दिसेल.

प्रश्न : बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणारा चिलगोजा हे पाइनचेच बी आहे, असे वाचले. ते पेरून बोन्साय करता येईल का? की जपानी ब्लॅक पाइनचे बी मागवावे? (वाचक, नांदेड)

उत्तर : चिलगोजा हे पाइनचेच बी आहे, हे खरे. परंतु दुकानातला चिलगोजा बहुतेक वेळा भाजलेला असतो, आणि भाजलेला शेंगदाणा पेरून भुईमुगाची वाट पाहण्यासारखे ते होईल. कच्चे बी मिळाले तरी ते झाड किन्नौरसारख्या उंच, कोरड्या आणि बर्फाळ प्रदेशातले आहे. नांदेडचा मे महिना त्याला सोसणार नाही.

जपानी ब्लॅक पाइनचा मोह मी समजू शकतो. बोन्सायच्या पुस्तकांतली बहुतेक छायाचित्रे त्याचीच असतात आणि त्याच्या सुया आखूड व टोकदार असल्याने लहान झाडातही प्रमाण साधते. तो जपानच्या किनारपट्टीचा, खारे वारे सोसणारा वृक्ष आहे, पण हिवाळ्यात त्याला खरी विश्रांती लागते. आपल्याकडे थंडीच्या लाटेत परभणीचे किमान तापमान दहा अंशांखाली जाते, हे खरे असले तरी दुपारी ऊन तापतेच, आणि अशी थंडी काही दिवसच टिकते. तो काही वर्षे जगेल, पण दरवर्षी थोडा थोडा खंगत जाईल. म्हणून मी चीडच सुचवतो. हिमालयाच्या पायथ्याच्या ५०० मीटर उंचीपासून वर २,००० मीटरपर्यंत त्याची वने आहेत, आणि खालच्या उतारांवर तो कडक उन्हाळा व वणवाही सोसतो. त्याचे बी पेरण्यापूर्वी थंडीत ठेवावे लागत नाही. २४ तास पाण्यात भिजवून, तरंगणारे बी टाकून, बुडालेले पेरले की दोन-तीन आठवड्यांत उगवते. त्याचा दोषही सांगून ठेवतो. त्याच्या सुया वीतभर आणि त्याहूनही लांब होतात, त्यामुळे तळहातावर मावेल असे बोन्साय त्यापासून होत नाही. दोन-अडीच फूट उंचीचे, जरा भारदस्त झाड करण्याची तयारी असेल, तरच चीड घ्यावा.

प्रश्न : रोपवाटिकेतून ‘पाइन’ म्हणून आणलेल्या झाडाच्या दहा काड्या लावल्या. पाच महिन्यांत एकही लागली नाही. काय चुकले? (वाचक, परभणी)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रातील झाड पाइन नाही. थरांवर थर असलेल्या, चांदणीसारख्या फांद्यांचे हे झाड म्हणजे नाताळात सजवतात तो अरोकेरिया. त्याचे मूळ पॅसिफिक महासागरातील नॉरफोक बेटावर आहे. त्याच्या बाजूच्या फांदीला क्वचित मुळे फुटली, तरी ती फांदी आयुष्यभर आडवीच वाढते, उभे झाड होत नाही. काड्या लागल्या नाहीत, हे एका अर्थी बरेच झाले.

आपल्याकडे सुरूलाही सर्रास पाइन म्हणतात. त्याची एक ‘सुई’ दोन बोटांनी धरून ओढून पाहावी. ती सांध्यासांध्यावर तुटते, कारण ती सुई नसून बारीक फांदी असते. चीडच्या मोठ्या झाडावर सुया तीन-तीनच्या जुडीत असतात आणि जुडीच्या तळाशी पातळ, तपकिरी आवरण असते. मात्र कोवळ्या चीडवर सुरुवातीची वर्ष-दोन वर्षे एकेकट्या, निळसर सुयाच येतात, त्यामुळे रोप घेताना जुडी दिसली नाही म्हणून ते नाकारू नये. एरवी, बोन्सायसाठी सुरू हेही उत्तम झाड आहे आणि मराठवाड्याच्या उन्हात ते चीडपेक्षा निर्धास्त वाढते.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात सोटमूळ कापून लावलेली चीडची अकरा रोपे मार्चपर्यंत छान होती. एप्रिलपासून सुयांची टोके करपत गेली आणि आता चारच उरली आहेत. मिश्रणात काळी माती, शेणखत आणि वाळू समप्रमाणात आहे. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ देतो, तेही वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्राचे बाहेर पडणारे. (वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : पाण्याची काटकसर करण्याची आपली वृत्ती मराठवाड्यातल्या माणसाला सांगावी लागत नाही, पण येथे तिनेच घात केला आहे. आरओ यंत्र पाण्यातले क्षार काढून ज्या पाण्यात सोडते, तेच पाणी बाहेर टाकते. बोअरचे पाणी मुळातच जड. त्यातले क्षार या पाण्यात आणखी दाट झालेले असतात. कुंडीच्या कडेला पांढरा पापुद्रा धरलेला दिसेल, तो त्याचाच. हे पाणी फरशी पुसायला वापरावे. पाइनला किंचित आम्लधर्मी, हलके पाणी लागते. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी टाकीत साठवता आले तर त्यासारखे दुसरे नाही. ते नसेल तर वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी साध्या पाण्यात अर्धेअर्धे मिसळावे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत द्यावे, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात.

दुसरी चूक मातीची आहे. आपली काळी माती कपाशीला उत्तम, पण पाइनच्या मुळांना ओली असताना गुदमरवते आणि सुकल्यावर भेगा पडून तोडते. पक्क्या भाजलेल्या विटांचा चुरा, जाडसर वाळू आणि मुरूम एवढेच घ्यावे, आणि पिठाच्या चाळणीतून खाली पडेल तो सारा बारीक भाग टाकून द्यावा. दाणे गव्हाएवढे असले की पुरे. मुरूम घेण्यापूर्वी त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत. फसफसले तर त्यात चुनखडी आहे, असा मुरूम घेऊ नये. शेणखत पहिल्या वर्षी अजिबात नको.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत रोपांना सकाळचे दहापर्यंतचे ऊन द्यावे आणि मग ५० टक्के सावलीची हिरवी जाळी वर ओढावी. तापलेल्या गच्चीच्या स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नये, खाली विटा लावाव्यात. अकरांपैकी चार उरली, ही काही लाजिरवाणी संख्या नव्हे. त्या चौघांची कुंडी आता, थंडीतच, मुळांचा गोळा न फोडता नव्या मिश्रणात बदलावी. मुळांची छाटणी पुढच्या वर्षी पाहू.

प्रश्न : कुंडी बदलताना चीडच्या मुळांवर पांढऱ्या बुरशीचे धागे दिसले. बुरशीनाशकाने मुळे धुवावीत काय? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुळीच धुऊ नयेत. ही बुरशी पाइनच्या मुळांशी सोबत करणारी आहे. ती मुळांना पाणी व स्फुरद मिळवून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. तिच्यावाचून पाइन रडतखडतच वाढतो. तिला ताज्या पावसाळी अळंबीसारखा वास येतो. मुळे काळी, चिकट आणि आंबूस वासाची असतील तरच ती कुजली आहेत असे समजावे. आपल्या कुंडीतून निघालेले मूठभर जुने मिश्रण नव्या मिश्रणात मिसळावे, आणि शक्य झाल्यास एक मूठ वरील लातूरच्या वाचकांसारख्या, नुकतीच रोपे लावणाऱ्या कोणाला तरी द्यावी.