गाडी मेव्हणा चालवत होता, तर फॉर्मवर मेव्हण्याचंच नाव लिहा

प्रश्न असा आहे: "गाडी माझ्या नावावर आहे. बायको, भाऊ आणि कधीमधी मित्रही चालवतात. इन्शुरन्समध्ये सगळ्यांची नावं घालावी लागतात का? नसतील तर क्लेम नाकारतात का?"

नावं घालावी लागत नाहीत. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो. पॉलिसीत ड्रायव्हर्स क्लॉज शोधा. मालकासह कोणीही चालवू शकतो, अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन्स हवं आणि लायसन्स मिळवायला तो अपात्र ठरलेला नसावा, असं तिथे लिहिलेलं असतं. त्या 'कोणीही'मध्ये बायको, भाऊ, शेजारी, कॉलेजचा मित्र सगळे आले. इंग्लंडमधल्या एखाद्या नातेवाइकाने नावं घालायला सांगितलं असेल, तर तो तिकडची पद्धत सांगतोय. तिथे पॉलिसीवर ड्रायव्हरांची नावं चढवावी लागतात, इथे नाही.

तरीही ही भीती जात नाही, कारण ती गॅरेजच्या काउंटरवर रोज नव्याने घातली जाते. मी मोटार सर्वेअर आहे, म्हणजे क्लेमच्या गाडीचं नुकसान तपासणारा. आपल्याच हाताने मारलेले चांगले क्लेम इतके पाहिलेत की त्यातली एक फाइल सांगतोच.

ठाण्याची गाडी. मेव्हणा लग्नासाठी घेऊन साताऱ्याकडे गेला, परतताना पहाटे डिव्हायडरला लागली. उजवा पुढचा कोपरा गेलेला: बंपर, हेडलॅम्प, फेंडर, रेडिएटर, लोअर आर्म. ड्रायव्हरची एअरबॅग उघडलेली. मेव्हण्याचं मनगट मोडलं. इस्टिमेट २ लाख ४० हजार. त्याचं कारचं लायसन्स चालू, दारूचा थेंब नाही, गाडी मालकानेच दिलेली. डोळे झाकून पास व्हावा असा क्लेम. पण गॅरेजमध्ये कोणीतरी सांगितलं, "मालकाचंच नाव टाका, नाहीतर उगाच चौकशी लागेल." मालकाने फॉर्मवर स्वतःचं नाव आणि स्वतःचा लायसन्स नंबर लिहिला.

गाडी पाहायला गेलो तर ड्रायव्हरची सीट अगदी शेवटच्या खाचेत मागे. मालक जेमतेम सव्वापाच फुटांचे. त्यांना बसायला सांगितलं, तर क्लच अर्धाही दाबता येईना. एअरबॅगच्या कापडावर रक्ताचे डाग होते, मालकांच्या अंगावर ओरखडा नव्हता. पुढे चौकशीत हॉस्पिटलचा केसपेपर निघाला. अपघाताचा पेशंट म्हटल्यावर काय झालं ते डॉक्टर लिहून घेतातच, आणि तिथे 'कार चालवताना' असं मेव्हण्याच्या नावाने लिहिलेलं होतं. त्या रात्री मालक ठाण्यातच रात्रपाळीला होते, हजेरी मशीनवर. खोटी माहिती दिली म्हणून क्लेम नामंजूर. खरं नाव लिहिलं असतं तर कपात जाऊन पावणेदोन लाखांच्या आसपास मिळाले असते. सगळे घरातून गेले.

फॉर्ममध्ये ड्रायव्हरचं नाव, त्याचं मालकाशी नातं, लायसन्स नंबर, तो पगारी ड्रायव्हर आहे का, असे रकाने मुळातच छापलेले असतात. मालकाखेरीज कोणी गाडी चालवूच नये असं असतं, तर नात्याचा रकाना कशाला ठेवला असता? तिथे 'मेव्हणा' लिहा, 'मित्र' लिहा. ड्रायव्हर बदलायचा सल्ला देणाऱ्याचं काहीच जात नाही, त्याचं बिल तुमच्याकडून वसूल होतं. आणि यावर "आमच्याकडे असेच पास होतात" हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. जे सापडले नाहीत तेवढेच पास होतात.

नावापेक्षा लायसन्स बघा. किल्ली देण्याआधी मित्राच्या लायसन्सचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि परिवहनच्या सारथी साइटवर नंबर व जन्मतारीख टाकून तपासा. गाडीचा वर्ग एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, आहे का? फक्त दुचाकीचं लायसन्स असलेला माणूस तुमच्या कारसाठी विनालायसन्सच. मुदत संपली आहे का? पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरायचे, २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या भाच्याचं इथलं लायसन्स बहुधा कधीच संपलेलं असतं. तिकडच्या लायसन्ससोबत तिकडेच काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असेल तरच त्याला किल्ली द्या. शिकाऊ लायसन्स चालतं, पण शेजारी गाडी थांबवू शकेल असा पक्क्या लायसन्सचा माणूस हवा आणि पुढे-मागे लाल 'एल'. एकट्याने सोसायटीबाहेर चक्कर मारली की ते कव्हर गेलं.

तो फोटो जपून ठेवा. लायसन्स नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत, आणि समोरचा जखमी असेल तर बहुतेक वेळा कंपनी त्याला भरपाई देते आणि मग ती तुमच्याकडून वसूल करायला येते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे की अशी जबाबदारी झटकायची असेल, तर मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे गाडी दिली हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. तुम्ही तपासून दिली होती याचा पुरावा तो फोटो आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला मात्र सोसायटीच्या आवारातसुद्धा गाडी देऊ नका. कलम १९९अ मध्ये पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते.

आता जे कोणी विचारतच नाही ते. पॉलिसीतला १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकाचा असतो, तोही मालकाकडे लायसन्स असेल तरच. गाडी तुमचा भाऊ चालवत होता आणि तो गेला, तर त्या १५ लाखांतला एक रुपया त्याच्या बायकोला मिळत नाही. थर्ड पार्टीतूनही (दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा) नाही, कारण उसनी गाडी चालवणारा मालकाच्या जागी धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीच्या कंपनीकडे दावा होतो, पण स्वतःच झाडाला धडकला तर हात रिकामे. नियमितपणे चालवणाऱ्या घरच्यांचा नावानिशी पीए, म्हणजे वैयक्तिक अपघात विमा, घ्या (आयएमटी १५; आयएमटी म्हणजे पॉलिसीला जोडायच्या कलमाचा क्रमांक), बाकी सीटसाठी अननेम्ड पॅसेंजर, म्हणजे नाव न घालता प्रवाशांचा (आयएमटी १६). अननेम्डचा दर जुन्या टॅरिफने (दरपत्रकाने) दोन लाखांना माणशी १०० रुपये आहे, म्हणजे पाच सीटला ५००. दोन लाख आजच्या दिवसात काहीच नाहीत, म्हणून भावाला स्वतःचा वेगळा अपघात विमा घ्यायला लावा. पगारी ड्रायव्हर असेल तर आयएमटी २८ (त्याच्याबद्दलची तुमची कायदेशीर जबाबदारी), वर्षाला ५० रुपये, हे विसरूच नका.

टीपीपीडी म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादाही बघा. ती साडेसात लाख असते. शंभर रुपये वाचवायला ती ६ हजारांवर आणलेल्या पॉलिसी मी पाहिल्या आहेत. मित्राने कुणाच्या महागड्या गाडीला मागून ठोकली तर सहा हजारांत टेललॅम्पसुद्धा येत नाही.

मित्राने केलेला क्लेम तुमचाच धरला जातो आणि एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) तुमचा जातो. ओन डॅमेजचा (तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम सूट धरण्याआधी १२ हजार आणि एनसीबी ५० टक्के असेल, तर पुढच्या वर्षी ६ हजार जास्त भराल आणि पुन्हा पन्नासवर यायला पाच वर्षं लागतील. त्यात सक्तीची कपात (प्रत्येक क्लेममध्ये तुमच्या खिशातून जाणारी रक्कम), १५०० सीसीपर्यंत १ हजार आणि त्यावर २ हजार. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांना निम्मेच पैसे. म्हणून आठ-दहा हजारांच्या बंपरचा क्लेम करू नका, ज्याने ठोकली त्याच्याकडून मागा. हे किल्ली देतानाच बोलून ठेवा, नंतर तोंड उघडत नाही.

पैसे घेऊन गाडी देऊ नका. ट्रिपचं पेट्रोल त्याने भरलं तर हरकत नाही, पण दिवसाला दोन हजार घेतलेत की ते भाडं झालं, आणि खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. चालवणारा प्यायलेला असेल तर ओन डॅमेज नाही, मग तो कितीही जवळचा असो.

हे सगळं पांढऱ्या नंबर प्लेटच्या (खासगी) गाडीचं आणि पॅकेज पॉलिसीचं (ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी एकत्र) आहे. गाडी २०१८ च्या सप्टेंबरनंतर नवी घेतली असेल, तर 'तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे' या भ्रमात राहू नका. तीन वर्षं बहुधा थर्ड पार्टीचीच असतात, ओन डॅमेज दर वर्षी संपतो. आणि गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांच्या मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, जे आधी येईल तेवढीच सवलत आहे. त्या मुदतीत आरसी आणि पॉलिसी दोन्ही वारसाच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि वारस असल्याचा पुरावा घेऊन कंपनीकडे जायचं. आरटीओचं काम लांबलं तरी अर्जाची पावती कंपनीला लेखी कळवून ठेवा.