रुमाल विसरलेला नायक

प्रश्न : माझी १० वर्षांची मुलगी टोल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचते आहे. मी ती वाचायला घेतली, तेव्हा पहिल्या प्रकरणात पाहुणे येतात, खातात आणि गाणी म्हणतात, यापलीकडे फारसे काही घडेना. शिवाय ड्रॅगनला नायक मारतही नाही. मग मुलांना यात एवढे काय आवडते?
– एक पालक, सातारा

उत्तर : तुम्हाला जे कंटाळवाणे वाटले, नेमके तेच मुलांना धरून ठेवते, असे माझे मत आहे. बिल्बो बॅगिन्स हा पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि घर सोडण्याचा मनापासून कंटाळा असलेला नायक आहे. त्याच्या दारी १३ बुटके येऊन थडकतात आणि कोठीघर रिकामे करू लागतात, तेव्हा केक कमी पडला तर यजमान म्हणून आपल्यालाच उपाशी राहावे लागेल, ही धास्ती त्याला छळते. दुसऱ्या दिवशी तो ड्रॅगनने बळकावलेला बुटक्यांचा खजिना परत मिळवण्याच्या मोहिमेवर निघतो, तो टोपी, काठी, पैसे आणि रुमालसुद्धा न घेता. सहलीची बस सुटल्यावर डबा घरीच राहिल्याचे ज्या मुलाच्या लक्षात आले आहे, त्याला ही घालमेल समजावून सांगावी लागत नाही. पुढे प्रत्येक संकटात बिल्बोला घरची किटली आठवते आणि परतीच्या वाटेवर त्याच्या हाती दिसणारा रेशमी रुमाल वाटेत आसरा देणाऱ्या एल्रॉन्डकडून उसना घेतलेला आहे, हे सांगायला लेखक विसरत नाही. अद्भुत जग खरे वाटते ते अशा किरकोळ हिशेबांमुळे. नुसता ड्रॅगन काय, कुणीही रंगवील.

ड्रॅगनविषयी तुमचे निरीक्षण बरोबर आहे. स्मॉगच्या छातीवरची उघडी जागा बिल्बो हेरतो, ती बातमी एका पक्ष्यामार्फत बार्ड या धनुर्धरापर्यंत पोहोचते आणि बाण बार्ड सोडतो. पण बिल्बोची खरी कसोटी त्यानंतर लागते. खजिन्याच्या वाटणीवरून बुटक्यांचा म्होरक्या थोरिन हट्टाला पेटतो आणि लढाई तोंडावर येते, तेव्हा बिल्बो स्वतःकडे लपवलेले अनमोल रत्न रात्री गुपचूप समोरच्या, म्हणजे बार्डच्या पक्षाला नेऊन देतो, म्हणजे तडजोडीला काही आधार मिळेल. एवढे करून तो तिथे न थांबता, ज्यांच्याशी दगा केला असे म्हटले जाईल, त्या सोबत्यांकडेच परत येतो. आपल्याच गटाविरुद्ध जाणे म्हणजे चहाडी की शहाणपण, हा प्रश्न मुलांना मधल्या सुट्टीत रोज पडतो आणि मोठी माणसे त्याचे धड उत्तर देत नाहीत. ही कादंबरीही उत्तर सोपे करून देत नाही, कारण थोरिन बिल्बोला माफ करतो तो मरणाच्या दारात. ड्रॅगनचा वध नायकाच्या हातून झाला असता, तर या प्रसंगाला जागाच उरली नसती.

मुलांच्या पसंतीवरच या पुस्तकाचे नशीब ठरले, हेही सांगायला हवे. प्रकाशकांनी हस्तलिखित आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनर अन्विनला, वाचायला दिले. त्याने एक शिलिंग घेऊन लेखी अभिप्राय दिला आणि २१ सप्टेंबर १९३७ रोजी पुस्तक बाहेर आले. पुस्तक ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आवडेल, असे त्या १० वर्षांच्या परीक्षकाने मोठ्या ऐटीत लिहिले होते!

तिसऱ्या वाचनाची काळजी करू नका. तुम्ही मात्र पाचवे प्रकरण तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि तिथे राहणारा गॉलम नावाचा विचित्र प्राणी एकमेकांना कोडी घालतात. हरला तर बिल्बोचा घास होणार असतो. दात, वारा, काळोख, अंडे, मासा, काळ अशी त्यांची उत्तरे आहेत, म्हणजे आपल्याकडे आजी जी कोडी घालते, त्याच घराण्यातली. ती मराठीत यमकासह बसवायला तिला सांगा, म्हणजे भाषेचा कस लागेल. बिल्बोचा शेवटचा प्रश्न मात्र कोडे नाहीच. आपल्या खिशात काय आहे, असे तो स्वतःशी पुटपुटतो आणि गॉलम तेच कोडे समजतो. हा रडीचा डाव झाला का, यावर तुमच्या घरात वाद झाला, तर निकाल आम्हाला जरूर कळवा.